म्हैसूरचे चंदन: मक्तेदारी आणि जोखीम
टिपू सुलतानाने 1792 मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले आणि 1799 नंतर वोडेयार संस्थानानेही ही मक्तेदारी, म्हणजे खरेदी-विक्रीचा एकाधिकार, पुढे चालवली. त्यामुळे झाड रयतेच्या शेतात उगवले तरी त्यावर मालकी सरकारची राहिली. सुगंधी तेल खोडाच्या गाभ्यात आणि मुळांत साठत असल्याने झाड तोडण्याऐवजी मुळांसकट उपटले जाई, लाकूड प्रतवारी लावून सरकारी कोठारांतून लिलावाने विकले जाई.

ही व्यवस्था एकाच परदेशी गिऱ्हाइकावर किती विसंबून होती, हे 1914 मध्ये उघड झाले: तेल काढण्याचे काम मुख्यतः जर्मनीत होत असल्याने महायुद्ध सुरू होताच लाकडाचा उठाव थांबला, तेव्हा दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत, 1916 मध्ये, संस्थानाने बंगळुरात स्वतःचा तेल-कारखाना उभारला, आणि हा निर्णय निःसंशय दूरदृष्टीचा होता.

चोरीची जोखीम मात्र शेतकऱ्याच्याच माथी राहिली. झाडाची राखण त्याने करायची आणि मालकी सरकारची, अशा स्थितीत रोप जगवण्यापेक्षा ते उपटून टाकणे त्याला सोयीचे वाटले, यात दोष त्याचा नव्हे, कायद्याचाच म्हणावा लागेल. कर्नाटकाने 2001 च्या दुरुस्तीने जमीनधारकाला झाडाची मालकी दिली, तोवर नैसर्गिक चंदनवने विरळ झाली होती.