अंगदुखी, थकवा आणि सिकलसेलचे निदान
हातपाय-सांधे वारंवार दुखतात, थकवा जात नाही, तरी केवळ रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात. अशा वेळी सिकलसेलची तपासणी मागा, असे आम्ही औंढा नागनाथच्या युवकांना सांगतो. हा आनुवंशिक रक्तविकार महाराष्ट्रात आदिवासी व बौद्ध समाजात, विशेषतः विदर्भात अधिक आढळतो. आपला हिंगोली जिल्हा विदर्भाला लागूनच आहे. सोल्युबिलिटी चाचणीतून रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी ठरवते. वाहकाला सहसा त्रास नसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. थायरॉईड, संधिवात तपासून घ्या. फायब्रोमायल्जिया रक्तचाचणीत दिसत नाही, त्याचे निदान लक्षणांवरून होते.