गाडी बोलायला लागली त्याची गोष्ट

गेल्या महिन्यातला रविवार. कोथरूडहून पिरंगुटला आत्याकडे निघालो होतो. बाबा गाडी चालवत होते, आई शेजारी डुलक्या काढत होती आणि मी मागे लॅपटॉप उघडून, कानात हेडफोन घालून एक बग शोधत होतो. (हो, रविवारी. आयटीवाल्यांनो, हसू नका.) चांदणी चौकात २०२३ साली नवे पूल आणि रँप झाल्यापासून तिथे मुरलेला पुणेकरही बावचळतो. पण फोनवर नकाशा लावलाय, फोन सांगेल, आपण कशाला लक्ष द्या! आणि आम्ही भलत्याच रँपवर चढून मुंबईच्या दिशेने हायवेला लागलो.

"बाबा, फोन सांगत होता ना!" मी वैतागून म्हणालो. बाबा गप्प. बालेवाडीहून वळून परत आलो. आत्याकडे पोचल्यावर म्हणाले, "अरे, मी तुला दोनदा विचारलं, काय म्हणतेय ती बाई म्हणून. तुझ्या कानात ते बोळे." मग हळूच, "ती बोलते एवढं कळतं. काय बोलते ते नाही कळत. आता गाडी चालवणं बंदच करावं म्हणतो."

बाबांना दोन वर्षांपासून श्रवणयंत्र आहे. मला वाटायचं, यंत्र आहे म्हणजे ऐकू येतं. विषय संपला.

त्या रात्री झोप येईना, म्हणून गाडीतल्या नकाशांचा इतिहास उकरत बसलो. डोक्यात एकच प्रश्न: रस्ता दाखवणारं यंत्र मुळात बोलायला का लागलं?

कारण सुरुवातीला ते मुकंच होतं! १९८१ साली होंडाने 'इलेक्ट्रो जायरोकेटर' आणला. त्यात पारदर्शक पत्र्यावर छापलेला नकाशा पडद्यापुढे सरकवायचा आणि गाडी कुठे आहे ते पडद्यावरचा ठिपका दाखवणार. १९८५ साली कॅलिफोर्नियात 'ईटॅक नॅव्हिगेटर' आला. नकाशे चक्क कॅसेटवर, जीपीएस नाहीच. चाकं किती फिरली आणि होकायंत्र काय सांगतंय यावरून हिशोब, आणि तो नकाशातल्या रस्त्यांशी ताडून पाहायचा. 'ईटॅक' हा शब्द पॅसिफिकमधल्या दर्यावर्दी लोकांचा. आपली होडी स्थिर आहे आणि बेटं सरकताहेत अशी कल्पना करून ते दिशा राखत. इथेही गाडी पडद्याच्या मध्यात स्थिर आणि नकाशा तिच्याभोवती फिरणार. कुठे वळायचं ते मात्र ड्रायव्हरने स्वतः ठरवायचं. थोडक्यात, सगळा कारभार डोळ्यांचा.

पण नकाशाकडे बघायचं तर रस्त्यावरून नजर काढावी लागते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जिम डेव्हिस यांनी यावर काम केलं. त्यांचा १९८९ चा पीएचडीचा प्रकल्प 'बॅक सीट ड्रायव्हर', म्हणजे मागे बसून सूचना देणारा! संगणक प्रयोगशाळेत, गाडी बॉस्टनच्या रस्त्यांवर, आणि सूचना येणार कारफोनवरून. डोळे कामात आहेत, कान मोकळे आहेत, मग कानांना सांगा. तर्क एकदम पटण्यासारखा. १९९२ साली टोयोटाच्या सेल्सिओर गाडीत बोलणारं नॅव्हिगेशन आलं. २ मे २००० पासून अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. आधी शंभरेक मीटरचा फरक पडायचा, म्हणजे चौक हा की पुढचा तेच कळणार नाही. ती अडचण गेली. २००४ साली टॉमटॉम गो आला, काचेला चिकटवायचा छोटा डबा. आणि बोलणारी गाडी ही नेहमीची गोष्ट झाली.

"कान मोकळे आहेत" हे गृहीतक मात्र तसंच पुढे आलं.

गंमत बघा. बोलणारं नॅव्हिगेशन ज्या जपानमध्ये आलं, तिथे तेव्हा लायसन्ससाठी दहा मीटरवरचा ९० डेसिबलचा हॉर्न ऐकू यावा लागे, श्रवणयंत्र लावून का होईना. जून २००८ पासून पूर्ण बहिऱ्या लोकांनाही, रुंद आरसा आणि गाडीवर फुलपाखराचं चिन्ह या अटींवर, गाडी चालवता येऊ लागली. आपल्याकडे २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने बहिऱ्या लोकांचा चाचणी देण्याचा हक्क मान्य केला. २०१६ साली केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना त्याप्रमाणे कळवलं. गाडी चालवणं हे मुख्यतः डोळ्यांचं काम आहे, हे अखेर कागदावर आलं.

मग बाबांचं काय चुकलं? ते ना पूर्ण बहिरे, ना पूर्ण ऐकणारे. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. व्यंजनं ओळखू येतात ती बरीचशी त्यांच्याच जोरावर. त्यात टायरची खालच्या पट्टीतली घरघर. आवाज वाढवला तर बाई मोठ्याने बोलते, स्पष्ट नाही. आणि मराठी सूचना तर बघा: 'डावीकडे' आणि 'उजवीकडे'. सुरुवातीचा भाग हुकला की दोन्हीकडे उरतं फक्त 'वीकडे'!

पूर्ण बहिरा माणूस आवाजाची वाटच बघत नाही. तो स्क्रीन बघतो, पाट्या वाचतो. बाबा वाट बघत बसतात. अर्धवट ऐकू येणारा आवाज हा न येणाऱ्या आवाजापेक्षा वाईट, हे इंजिनियर असून मला आत्ता कळलं.

उपाय आहेत. २०१४ पासून फोनचा आवाज थेट कानात घेणारी श्रवणयंत्रं मिळतात. २०१५ च्या ॲपल वॉचमध्ये डाव्या-उजव्या वळणाला मनगटावर वेगवेगळ्या टिचक्या बसतात. बाबांना विचारलं. म्हणाले, "आधी त्या बाईला गप्प कर."

केली. फोन वर, नजरेच्या टप्प्यात लावला. निघण्याआधी बाबांनी घरीच नकाशा पाहून वळणं एका चिठ्ठीवर लिहून काढली. मागच्या रविवारी पुन्हा पिरंगुट. आई मागे झोपली होती. मी पुढे बसलो, हेडफोन घरी ठेवून. चांदणी चौकात मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी बरोबर रँप घेतला.

"काय म्हणत होतास?"

"काही नाही बाबा."