दुसरा प्रश्न

वऱ्हाडात माणसाची चौकशी एका प्रश्नात आटपत नाही. "काय गा, कसं काय?" हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर ठरलेलं, "बरं हाये." हे उत्तर कोणी खरं धरत नाही. विचारणारा शेजारी बसतो, सुपारी कातरतो, पराटीला बोंडं किती लागली ते विचारतो. मग हळूच म्हणतो, "मंग तोंड काहून उतरलं तुह्यं?" खरी गोष्ट निघते ती इथून पुढं. पोरीचं लग्न, बँकेची नोटीस, भावाशी वाटणीचा तंटा.

या दुसऱ्या प्रश्नाचा आमच्या भागातला सगळ्यात मोठा जाणकार म्हणजे गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी झिंगराजी जानोरकरांचा जन्म झाला. वडील दारूपायी गेले, तेव्हा मायलेक अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला मामाच्या आश्रयाला आले. डेबूजी तिथं गुरं राखत, वावरात राबत मोठे झाले. मामांची शेती सावकाराच्या कर्जात अडकली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १९०५ साली घर सोडलं तेव्हा अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मडक्याचं गाडगं होतं. अक्षरओळख नव्हती. पण माणूस वाचता येत होता.

ते गावात येत आणि आधी झाडू हातात घेत. दिवसभर गल्लीबोळ झाडताना कोणाच्या दारात काय चाललं आहे, कुठं दारू आहे, कुठं लेकरू शाळेविना हिंडतं, हे सारं नजरेखालून जाई. रात्री कीर्तन. त्या कीर्तनात पोथी नसे, प्रश्न असत. कर्ज काढून सण करावा का? दगडाच्या देवाला कोंबडं-बकरं लागतं का? लोक उत्तर देत. उत्तर दबक्या आवाजात आलं की बाबा थांबत, पुन्हा विचारत. अख्खी सभा मोकळ्या गळ्यानं बोलेपर्यंत पुढं जात नसत. शिकवण साधीच होती. ती मनात उतरली, कारण उत्तर ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडून निघालेलं असे. घरातही तेच. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून त्यांनी गोड जेवण वाढलं होतं.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे गाव आहे. पौषात तिथं यात्रा भरते. निसरड्या काठावरून लोकांचे हाल होत, म्हणून बाबांनी तिथं घाट बांधून घेतला. गावाचं नावच कर्जातून सुटका सांगणारं. पण वऱ्हाडाची कर्जातून सुटका झाली नाही. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत अमरावती आणि अकोलाही होते. कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्या.

पाऊस, भाव, कर्ज ही कारणं गप्पांनी मिटत नाहीत. कोणी तसं म्हणत असेल तर ते खोटं आहे. पण कर्जात बुडालेला माणूस आधी काय करतो? पारावर येणं सोडतो. चारचौघांत बसत नाही. पूर्वी ते दोन दिवसांत कोणाच्या तरी ध्यानात येई. "काहून बुवा, दिसला नाही?" म्हणत कोणी वसरीवर येऊन बसे. आता तो माणूस मोबाइलवर रोज दिसतो. सकाळी फुलाचं चित्र पाठवतो, वाढदिवसाला अंगठा दाखवतो. आपल्याला वाटतं, चांगला आहे. त्याचा चेहरा आपण महिनाभर पाहिलेला नसतो.

मोबाइलला नावं ठेवायची नाहीत. अकोल्याच्या बाजारातला तुरीचा भाव वावरात उभ्या उभ्या कळतो. पुण्याला शिकणाऱ्या पोराची खुशाली आईला कळते. पूर्वी तारेनं मरणाची बातमी येई, आता बारशाचे फोटो येतात. निरोप पोचवायचं काम तो चोख करतो. पण निरोपाला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं, "बरं हाये." त्या शब्दामागचा आवाज कापरा होता की नाही, हे अक्षरांत दिसत नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला बाबांचं शेवटचं कीर्तन झालं. त्याचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे. पुढं दीड महिन्यानं, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. ते कीर्तन आज मोबाइलवर ऐकता येतं. बाबा विचारतात, त्या दिवशीचे लोक उत्तर देतात. आपण मात्र नुसतं ऐकतो. आपल्याला विचारायला बाबा थांबत नाहीत, थांबू शकत नाहीत.

ते काम आता शेजाऱ्याचं आहे. ज्याचा निरोप रोज येतो आणि जो पारावर दिसत नाही, त्याच्या घरी जाऊन बसा. चहा ठेवू नको म्हणाला तरी बसा. पहिल्यांदा तो "बरं हाये" म्हणेल. उठू नका.