पुण्य त्यांच्या जमा, पारवे आमच्या नावे

पाखरांना दाणे घालणाऱ्या माणसाशी भांडणे ही जगातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. दारू पिऊन आरडाओरडा करणाऱ्या शेजाऱ्याशी भांडता येते, गॅलरीतून पाणी ओतणाऱ्याशी भांडता येते. सगळी इमारत आपल्या बाजूने उभी राहते. पण हातात ज्वारीची वाटी आणि चेहऱ्यावर भूतदया घेऊन उभ्या असलेल्या माणसापुढे तुम्ही नुसते खाकरलात, तरी कंसानंतरचा दुष्ट म्हणून तुमचीच नोंद होते.

याचे मूळ पार शिबी राजापर्यंत जाते. ससाण्याला भिऊन पारवा राजाच्या मांडीवर येऊन बसला. ससाणा म्हणाला, माझे अन्न परत दे, नाहीतर त्याच्या वजनाइतके स्वतःचे मांस दे. राजाने तराजू मागवला. मांडी कापून पारड्यात टाकावी, तर पारवा आणखी जड! चक्रवाढ व्याजाचे इतके जुने उदाहरण बी.कॉम.च्या पुस्तकात का घेत नाहीत, हे मला कळलेले नाही.

वास्तविक पारवा हा कड्याकपारींचा पक्षी. माणसाने हजारो वर्षांपूर्वी त्याला पाळला तो काही दयेपोटी नव्हे. एक मांसासाठी आणि दुसरे टपालासाठी. १८५० साली आखेन आणि ब्रसेल्स या दोन शहरांमधली तार जोडलेली नव्हती, तेव्हा रॉयटर नावाच्या गृहस्थांनी शेअरबाजाराचे भाव पारव्यांच्या पायाला बांधून पाठवले. म्हणजे पारवा एके काळी आमच्याच लाइनीत नोकरीला होता म्हणायचा! पुढे तार पूर्ण झाली आणि त्याची नोकरी गेली. शहरोशहरीचे पारवे हे अशाच पाळीव पारव्यांचे मोकळे सुटलेले वंशज. कड्यांऐवजी त्यांना आपल्या इमारती मिळाल्या, कपारींऐवजी एसीमागच्या फटी मिळाल्या. नोकरी सुटली, पण दाण्यांचा पगार मात्र चालू राहिला. असे भाग्य बँकवाल्याच्या पेन्शनलाही नाही.

‘मेरी पॉपिन्स’ या १९६४ सालच्या चित्रपटात तर एक पोरगा हातातली दोन पेनी बँकेत ठेवायला नकार देतो, कारण त्याला पाखरांना दाणे घालायचे असतात. त्याच्या आरडाओरड्याने ग्राहक घाबरतात आणि पैसे काढायला बँकेवर झुंबड उडते. पाखरांपायी बँक अडचणीत आल्याचे हे दृश्य मी दोनदा पाहिले. हसू एकदाच आले.

आपल्या मुंबईला या दयेचा इतिहास मोठा आहे आणि तो थट्टेचा नाही. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा शहरात दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाईंसारख्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. दादरचा कबुतरखाना १९३३ सालचा. त्याचे नाव शहराच्या वारसा यादीत आहे. ज्या शहरात माणसाला पाय ठेवायला जागा नाही, तिथे पाखरासाठी चौक राखून ठेवणारी ही माणसे लहान मनाची नव्हती.

फक्त हिशेबात एक गोष्ट राहून गेली. पारवीण एका वेळी दोन अंडी घालते, अठराएक दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि दाणे बारमाही असले की वीणही बारमाही चालते. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर काही माणसांच्या फुप्फुसाला कायमची इजा होते. शिबी राजाने मांस दिले ते स्वतःच्या मांडीचे. आताच्या शिबींचे पारडे शेजाऱ्याच्या छातीतून भरते.

लंडनमध्ये केन लिव्हिंग्स्टन नावाच्या महापौरांनी ट्रॅफल्गर चौकातली दाण्यांची विक्री २००१ साली थांबवली, २००३ साली दाणे घालायलाच बंदी केली आणि पारवे हुसकायला शिकारी पक्षी आणले. म्हणजे शिबीच्या गोष्टीतला ससाणा चक्क पालिकेच्या खर्चाने आला! मुंबईत जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितले. ऑगस्टमध्ये दादरला ताडपत्री चढली, जमावाने ती उतरवली आणि पारव्यांचे प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन बसले.

आमच्या सोसायटीत उच्च न्यायालय नाही. सेक्रेटरी आहेत आणि ते वाद निघाला की गावी जातात. आमच्या वरच्या मजल्यावर अण्णा राहतात. निवृत्त मास्तर. रोज सकाळी सातला ज्वारी टाकत. आईचा खोकला दोन महिने हटेना, तेव्हा डॉक्टरांनी जिभेआधी खिडकीची चौकशी केली, “घराजवळ कबुतरं आहेत का?”

मी वर गेलो. भांडायला नव्हे, गोष्ट सांगायला. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराची. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख पारवे मारले. संख्या? होती तिथेच, वीस हजारांच्या आसपास. जितके मेले तितके नवे आले, कारण दाणे तेवढेच होते. मग १९८८ पासून त्यांनी पारव्यांना सोडून माणसांना धरले. दाणे घालणे म्हणजे गर्दी, रोगराई आणि पिल्लांचे हाल वाढवणे, ही दया नव्हे, असे घरोघरी पटवले. चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली.

अण्णा बराच वेळ वाटीकडे बघत राहिले. “पटतं रे,” ते म्हणाले, “पण हिच्या माघारी सकाळी माझी वाट बघणारं तेवढंच आहे.”

यावर बाझलच्या अहवालात उत्तर नव्हते. ते आईने काढले. “मास्तरांना म्हणावं, सातचा चहा खाली घ्या.”

तेव्हापासून अण्णा सातला आमच्याकडे असतात. साखर दोन चमचे, सोबत भाजीच्या भावावर एक छोटे भाषण. आईचा खोकला पुष्कळ उतरला आहे. पारवे पहिले आठ दिवस कठड्यावर मोर्चा घेऊन बसले, मग हळूहळू विरळ झाले. परवा अण्णांनी चहात बिस्किट बुडवता बुडवता बातमी दिली, की ए विंगमध्ये कुणीतरी नवीन बिऱ्हाड आले आहे. फार दयाळू माणसे आहेत म्हणतात.