शाळेच्या वर्गातून परदेशी प्रयोगशाळेपर्यंत: परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय विज्ञान कार्यक्रमांची माहिती

परभणी : शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं, तालुक्याला नंबर आला, जिल्ह्याला प्रमाणपत्र मिळालं आणि विषय तिथंच संपला, असा अनुभव जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांचा आहे. पण याच प्रदर्शनाच्या वाटेनं पुढं गेलेली सरकारी शाळांमधली मुलं जपानपर्यंत पोहोचली आहेत. काही कार्यक्रमांत तर गाव न सोडता परदेशातल्या शास्त्रज्ञांना उपयोगी पडणारं काम करता येतं. कोणत्या वर्गाच्या मुलांना कोणती वाट खुली आहे, अर्ज कुणी करायचा आणि घोडं कुठं अडतं, याची ही एकत्रित माहिती.

इन्स्पायर अवॉर्ड-मानक : सगळ्यात जवळचा दरवाजा

ही योजना केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची असून ती राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या सहकार्यानं राबवली जाते. सुरुवातीला ती सहावी ते दहावीच्या मुलांसाठी होती, २०२४-२५ पासून अकरावी-बारावीलाही लागू झाली. मुलानं स्वतःला सुचलेली कल्पना लिहून द्यायची असते आणि ती मराठीतही पाठवता येते. देशभरातून निवडलेल्या कल्पनांसाठी प्रत्येकी १० हजार रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. त्या पैशातून मॉडेल बनवायचं, मग जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशी प्रदर्शनं होतात. राष्ट्रीय पातळीवर उत्तम ६० कल्पनांची निवड होते. राष्ट्रीय प्रदर्शनापर्यंत पोहोचलेल्या मुलांना साकुरा कार्यक्रमातून जपानला पाठवण्यात आलं आहे.

मुख्य अट अशी की विद्यार्थी स्वतः अर्ज करू शकत नाही. शाळेनं यू-डायस क्रमांकावर पोर्टलवर नोंदणी करायची, मुख्याध्यापकांनी मुलांची नावं भरायची आणि जिल्हा पातळीवरून ती पुढं जायची, असा क्रम आहे. नोंदणी पावसाळ्यात, म्हणजे शाळा सुरू झाल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत चालते. शाळेचा पासवर्ड बदलून गेलेल्या शिक्षकांकडं असेल, ओटीपी जुन्या मोबाइलवर जात असेल किंवा मुलाचं बँक खातं उघडलेलं नसेल, तर चांगली कल्पनाही वहीतच राहते. त्यामुळं जून महिन्यातच पालकांनी शाळेत जाऊन 'आपल्या शाळेची नोंदणी झाली का?' एवढं विचारणं गरजेचं आहे.

ज्वालामुखी, ठिबक सिंचन, सौरऊर्जेचं घर अशी पुस्तकातली मॉडेल्स इथं चालत नाहीत. कापूस वेचताना आईच्या बोटांना होणारी इजा, सोयाबीनची रास भिजणं, रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला जाताना सापाची भीती, असा मुलानं डोळ्यांनी पाहिलेला प्रश्न आणि त्यावर त्याला सुचलेला उपाय, हीच खरी कल्पना. गुरुजींनी लिहून दिलेलं आणि मुलानं पाठ केलेलं परीक्षकांच्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

साकुरा : जपानचं निमंत्रण

साकुरा विज्ञान देवाणघेवाण कार्यक्रम जपान सायन्स अँड टेक्नॉलॉजी एजन्सीनं २०१४ मध्ये सुरू केला. भारतातले शालेय विद्यार्थी त्यात २०१६ पासून जात आहेत. मुक्काम साधारण आठवडाभराचा असतो. विद्यापीठं, संशोधन संस्था आणि विज्ञान संग्रहालयं पाहणं, शास्त्रज्ञांची व्याख्यानं ऐकणं, जपानी विद्यार्थ्यांना भेटणं असा कार्यक्रम असतो. खर्च जपानकडून होतो. यालाही थेट अर्ज नाही. हा कार्यक्रम निमंत्रणावर चालतो आणि भारतातली नावं शासकीय यंत्रणेतून जातात. 'पैसे भरा, साकुराला नाव लावून देतो' असं कुणी सांगितलं तर ते खोटं समजावं.

ऑलिम्पियाड : परीक्षेची वाट

ज्यांना मॉडेलपेक्षा गणितं सोडवण्यात गोडी आहे, त्यांच्यासाठी ऑलिम्पियाड आहे. भारतात याचं मुख्य केंद्र मुंबईच्या मानखुर्दमधलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. पहिली परीक्षा भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना असलेली इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स नोव्हेंबरमध्ये घेते. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाडची वेगळी परीक्षा असते. त्यातून दुसऱ्या टप्प्याची राष्ट्रीय परीक्षा, मग मानखुर्दला प्रशिक्षण शिबिर आणि शेवटी संघनिवड होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला कनिष्ठ विज्ञानात ६, भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्रात प्रत्येकी ५, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ४ विद्यार्थी जातात.

आकडे पाहून घाबरायला होतं, हे खरं. देशातून पाच-सहा मुलं म्हणजे संधी अगदी थोडी. पण दुसऱ्या टप्प्यापर्यंत जाणाऱ्या मुलाचाही पाया पक्का होतो आणि तो पुढं अकरावी-बारावीला उपयोगी येतो. परीक्षा केंद्र शाळा-महाविद्यालयांत असतं. जवळच्या केंद्राची चौकशी ऑगस्टमध्येच करावी, नोव्हेंबर उजाडल्यावर उपयोग नाही.

इंग्रजीची भीती असलेल्यांसाठी एक गोष्ट. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये प्रत्येक देशाचे मार्गदर्शक प्रश्नपत्रिका आपापल्या मुलांच्या भाषेत करून देतात. जगात अनेक देशांची मुलं इंग्रजीत नव्हे, तर आपल्या भाषेत उत्तरं लिहून सुवर्णपदकं नेतात. या स्पर्धा महाराष्ट्रातही झाल्या आहेत. २०१३ ची कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाड पुण्यात झाली, तर २०१५ ची भौतिकशास्त्राची आणि २०२५ ची खगोलशास्त्राची मुंबईत.

संशोधन प्रकल्प : आयरिस ते आयसेफ

नववी ते बारावीच्या मुलांचा जगातला सर्वात मोठा विज्ञान मेळा अमेरिकेत भरतो. त्याला आयसेफ म्हणतात आणि तो १९५० पासून चालू आहे. भारतातून तिथं जाण्याचा मार्ग आयरिस या राष्ट्रीय मेळ्यातून जातो. इथं मॉडेलपेक्षा संशोधनाला मान आहे. प्रश्न काय, मोजमाप कसं केलं, किती वेळा केलं, चुकलं कुठं, याची तारीखवार वही लागते. माणसांवर, प्राण्यांवर किंवा जंतूंवर प्रयोग असेल तर तो सुरू करण्याआधी परवानगी घ्यावी लागते. प्रयोग उरकल्यावर घेतलेली सही चालत नाही, आणि अनेक चांगले प्रकल्प इथंच बाद होतात.

या बाबतीत परभणी मागं नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून शहरात आहे. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी यांवर काम करणारे शास्त्रज्ञ आणि हवामान वेधशाळा तिथं आहे. सेलू, मानवत किंवा पालमच्या एखाद्या शाळेनं पिकांवरचा प्रकल्प घेतला, तर मार्गदर्शनासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

गाव न सोडता : मोबाइल आणि कॉम्प्युटरवरून

विमानात बसणं म्हणजेच देवाणघेवाण नव्हे. पुढचे कार्यक्रम फुकट आहेत.

लघुग्रह शोध मोहीम : अमेरिकेतली आयएएससी ही संस्था शाळांच्या संघांना हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीनं घेतलेली छायाचित्रं पाठवते. आकाशाच्या एकाच भागाची थोड्या थोड्या वेळानं घेतलेली छायाचित्रं कॉम्प्युटरवर एकामागून एक पाहायची आणि सरकणारा ठिपका शोधायचा. मोहीम साधारण महिनाभर चालते. विंडोज कॉम्प्युटर, इंटरनेट आणि चिकाटी एवढंच लागतं. शोध लागल्याची प्राथमिक नोंद झाली म्हणजे लघुग्रह लगेच मुलाच्या नावावर होतो असं नाही. पक्क्या नोंदीला कित्येक वर्षं लागतात. बातम्या देताना शाळांनी हा फरक पाळावा.

ग्लोब कार्यक्रम : १९९५ पासून चालणाऱ्या या कार्यक्रमात भारत २००० मध्ये सामील झाला. ढग, झाडांची उंची, डासांची पैदास होणारी ठिकाणं यांच्या नोंदी मुलं ॲपवर टाकतात. नासाचे शास्त्रज्ञ उपग्रहाची माहिती या नोंदींशी ताडून पाहतात. अवकाळी आणि गारपिटीचा मार खाणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलांनी ढगांची रोजची नोंद ठेवली, तर ती त्यांच्याही कामाची आहे.

काठी आणि सावली : २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास जगभरातल्या शाळा सावली मोजून पृथ्वीचा परीघ काढतात. परभणीचं अक्षांश १९ अंशांच्या थोडं पुढं आहे. त्यामुळं त्या दिवशी मध्यान्हीला एक मीटरच्या सरळ काठीची सावली सुमारे ३५ सेंटिमीटर पडते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. परभणीत मार्चमध्ये ती वेळ साधारण साडेबाराची, सप्टेंबरमध्ये सव्वाबाराची. उत्तरेकडच्या एखाद्या शाळेनं त्याच दिवशी सावली मोजली, की दोन्ही कोनांतला फरक आणि दोन गावांतलं उत्तर-दक्षिण अंतर यांवरून आठवीचा विद्यार्थीही परीघ काढू शकतो. ती शाळा दिल्लीची असो की परदेशातली, गणित तेच राहतं.

शेजारच्या औंढ्यात येणारं जग

१ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या, आता हिंगोलीतल्या औंढा नागनाथ परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेली ही वेधशाळा अमेरिकेतल्या दोन वेधशाळांच्या जोडीनं काम करणार आहे. अमेरिकेतल्या त्या वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली होती. जिंतूर तालुका औंढ्याला लागूनच आहे. आज सातवी-आठवीत असलेल्या मुलांसाठी इथं शास्त्रज्ञांसोबतच इंजिनिअर, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर तंत्रज्ञांच्याही कामाची शक्यता आहे.

कागदपत्रं : निवड झाल्यावर धावपळ नको

निवड झाली आणि पासपोर्ट नाही, ही ग्रामीण भागातली मोठी अडचण. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क एक हजार रुपये असून मुदत पाच वर्षं किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, यातली जी आधी येईल ती. अर्जाला आई-वडिलांचं संमतीपत्र लागतं. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. मूल आजीकडं किंवा वसतिगृहात असतं. नेमकी त्याच काळात सही लागली तर काम अडतं. म्हणून अशा घरांनी दसऱ्याआधीच कागदं पुरी करावीत.

दुसरी अडचण नावाची. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरवर तिसरं स्पेलिंग असतं. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, तर दुसऱ्या ठिकाणी नुसतं अक्षर. दुरुस्तीसाठी ग्रामपंचायत, आधार केंद्र आणि शाळा असे खेटे घालावे लागतात. मूल दहावीला जाण्याआधी हे उरकलं तर बोर्डाच्या प्रमाणपत्रावरही नाव बरोबर येतं आणि पुढचा त्रास वाचतो.

'नासा टूर'पासून सावध

नासा दाखवून आणतो म्हणून लाखो रुपये घेणाऱ्या सहली असतात. त्यात बेकायदेशीर काही असेलच असं नाही, पण ती निवड नव्हे. फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्राचं अभ्यागत संकुल तिकीट काढून कुणालाही पाहता येतं. ज्या 'निवडपत्रा'सोबत पैसे भरण्याची मुदत दिलेली असते, त्यावर शेत विकून किंवा कर्ज काढून पैसे भरू नयेत. आधी शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारावं.

सरकारी खर्चानं हे होऊ शकतं, याचं उदाहरण पुणे जिल्हा परिषदेनं २०२५ मध्ये घालून दिलं. आयुकाच्या मदतीनं परीक्षा घेऊन जिल्हा परिषद शाळांमधले सहावी-सातवीचे ७५ विद्यार्थी निवडले गेले. त्यातल्या २५ जणांना नासा, तर उरलेल्यांना इस्रो दाखवण्याचं ठरलं. त्यात दुर्गम गावांतली मुलंही होती.

वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलै : इन्स्पायरची शाळा नोंदणी, विद्यार्थ्याचं बँक खातं.
ऑगस्ट-सप्टेंबर : ऑलिम्पियाडचं केंद्र आणि नोंदणी, सप्टेंबरच्या शेवटी सावलीचा प्रयोग.
दसऱ्याआधी : पालकांच्या सह्या, नावाची दुरुस्ती, पासपोर्टचा अर्ज.
नोव्हेंबर : ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा.
मार्च : सावलीचा दुसरा प्रयोग.
वर्षभर : ग्लोबच्या नोंदी, लघुग्रह मोहिमा, प्रकल्पाची वही.

दरवर्षी तारखा थोड्या पुढं-मागं होतात. त्यामुळं संबंधित संकेतस्थळ किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडून त्या वर्षीची अंतिम तारीख पाहून घ्यावी आणि शाळेच्या फलकावर लिहावी.