इंफाळ-कोहिमाचा संग्राम (१९४४) : दुसऱ्या महायुद्धातील एक कलाटणी आणि रसदीचा प्रश्न

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धातील निर्णायक लढायांचा विचार करताना मिडवे, अल् अलामेन आणि स्टालिनग्राड ही नावे प्रथम घेतली जातात. भारताच्याच भूमीवर मार्च ते जुलै १९४४ या काळात झालेला इंफाळ-कोहिमाचा संग्राम मात्र आपल्या अध्यापनात बहुधा आझाद हिंद फौजेच्या प्रकरणातील एका परिच्छेदापुरता उरतो. या संग्रामाने ब्रह्मदेशातील युद्धाला कलाटणी दिली. त्याचे कारण रणांगणावरील शौर्याइतकेच रसदीच्या गणितात शोधावे लागते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

तीन आठवड्यांचा शिधा

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि युद्ध भारताच्या ईशान्य सीमेवर येऊन ठेपले. जपानच्या १५ व्या सैन्याचे सेनापती लेफ्टनंट जनरल रेन्या मुतागुची यांनी मार्च १९४४ मध्ये सुमारे ८५,००० सैन्यासह चिंदविन नदी ओलांडून चढाई केली. दोन डिव्हिजननी इंफाळ घ्यावे आणि तिसरीने कोहिमा घेऊन दिमापूरहून इंफाळला जाणारा रस्ता तोडावा, अशी योजना होती. सैनिकांजवळ सुमारे तीन आठवडे पुरेल एवढाच शिधा होता. तो संपण्यापूर्वी इंफाळची ब्रिटिश कोठारे हाती येतील, हे संपूर्ण योजनेचे गृहीतक होते. सोबत हाकलेली गुरेही मोठ्या संख्येने नदीत व डोंगरवाटांवर गमावली गेली.

ब्रिटिश १४ व्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांनी सीमेवरील फौजा इंफाळच्या मैदानात मागे घेण्याचे ठरविले. शत्रूला त्याच्या तळापासून दूर आणून लढावे, हा त्यामागील हेतू होता. तथापि कोहिमावर फार तर एक रेजिमेंट येईल हा त्यांचा अंदाज चुकला. प्रत्यक्षात कोतोकू सातो यांची संपूर्ण ३१ वी डिव्हिजन चालून आली.

सांगशाक येथील विलंब

ही चूक सावरण्यास सांगशाकची लढाई उपयोगी पडली. मणिपूरमधील उख्रुलजवळच्या या गावी ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन यांनी २६ मार्चच्या रात्रीपर्यंत जपानी हल्ले थोपवून धरले. पाण्याचा तीव्र तुटवडा होता आणि अखेरीस ठाणे सोडावे लागले. परंतु जपान्यांचा सुमारे आठवडा येथे खर्ची पडला. ज्या सैन्याची शिदोरीच तीन आठवड्यांची होती, त्याच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हती. याच सुमारास ५ वी भारतीय डिव्हिजन आराकानमधून तोफा व खेचरांसह विमानांनी ईशान्येकडे आणली जात होती. तिच्याच एका ब्रिगेडमधील तुकड्यांनी एप्रिलमध्ये आसाम रेजिमेंटच्या जवानांसह कोहिमाचा वेढा सोसला.

स्टालिनग्राड आणि इंफाळ

२९ मार्च रोजी इंफाळचा रस्ता तुटला, तो २२ जून रोजी पुन्हा खुला झाला. या काळात इंफाळची भिस्त हवाई पुरवठ्यावर होती. येथे स्टालिनग्राडशी तुलना उद्बोधक ठरते. नोव्हेंबर १९४२ मध्ये वेढल्या गेलेल्या जर्मन ६ व्या सैन्याला दररोज सुमारे पाचशे टन रसद हवी होती. प्रत्यक्षात सरासरी शंभर टनांच्या आसपासच पोहोचली. धावपट्ट्या हातच्या गेल्या आणि फेब्रुवारी १९४३ च्या आरंभी सैन्य शरण आले. इंफाळमध्ये सुमारे १९,००० टन सामग्री व १२,००० सैनिकांची कुमक विमानांनी आली, तर जखमी व लढाईत सहभाग नसलेली हजारो माणसे बाहेर नेण्यात आली. खाणारी तोंडे कमी करणे हाही रसदीचाच भाग होता. आकाशावरील वर्चस्व, शाबूत धावपट्ट्या आणि इतर आघाड्यांवरून वळविलेली मालवाहू विमाने या तीन गोष्टींमुळे इंफाळची कोंडी घातक ठरली नाही.

जपानी बाजूस याच्या नेमके उलट घडले. पावसाळा आला, वाटा वाहून गेल्या. मेअखेरीस सातो यांनी वरिष्ठांचे आदेश डावलून उपाशी सैन्य मागे घेण्यास सुरुवात केली. जुलैमध्ये मोहीम थांबविण्यात आली. सुमारे ३०,००० जपानी सैनिक मृत्युमुखी पडले आणि त्यांतील बहुसंख्य भूक व रोगराईचे बळी होते.

दोन्ही बाजूंचे भारतीय

या संग्रामात भारतीय सैनिक दोन्ही बाजूंना होते. १४ एप्रिल १९४४ रोजी कर्नल शौकत अली मलिक यांनी मोइरांग येथे आझाद हिंद फौजेचा ध्वज फडकविला; पुढे त्याच फौजेने उपासमार व हिवताप यांत जपान्यांइतकेच हाल सोसले. रसदीअभावी लष्करीदृष्ट्या फसलेली ही मोहीम नोव्हेंबर १९४५ पासूनच्या लाल किल्ल्यातील खटल्यांमुळे राजकीयदृष्ट्या प्रभावी ठरली. ज्यांच्या गावांतून आणि शेतांतून हे युद्ध गेले, त्या नागा, मैतेई व कुकी समाजांची झळ मात्र दोन्ही कथनांत दुय्यम राहिली.

निष्कर्ष

इंफाळ-कोहिमानंतर जपानी सैन्य ब्रह्मदेशात पुन्हा मोठी चढाई करू शकले नाही. मे १९४५ मध्ये रंगून त्याच्या हातून गेले. ही कलाटणी एखाद्या दिवशीच्या विजयाने आलेली नाही. सांगशाकचा विलंब, इंफाळची धावपट्टी आणि चिंदविनपलीकडे राहिलेला शिधा यांतून ती घडत गेली. ब्रिटिशांचा विजय किंवा आझाद हिंद फौजेचे बलिदान यांपैकी एकाच चौकटीत हा संग्राम शिकविला, तर विरुद्ध बाजूचा भारतीय सैनिक आपोआप वगळला जातो. रसदीच्या अंगाने पाहिल्यास एकाच डोंगरावर उपाशी असलेले दोन्हीकडचे भारतीय आणि ज्यांचे धान्य संपले ते गावकरी एकत्र दिसतात. इतिहासाच्या अध्यापनात हा संग्राम त्या व्यापकतेने यावयास हवा.