२०२२ एएफसी महिला आशिया चषक

२०२२ एएफसी महिला आशिया चषक ही आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) महिला राष्ट्रीय संघांसाठीच्या स्पर्धेची विसावी आवृत्ती होती. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात ती महाराष्ट्रातील मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे खेळवली गेली. अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियाचा ३-२ असा पराभव करून नववे विजेतेपद मिळवले. यजमान भारताला मात्र कोविड-१९ संसर्गामुळे गटसाखळीतच स्पर्धेबाहेर जावे लागले.

यजमानपद व मैदाने

जून २०२० मध्ये एएफसीने भारताला यजमानपद दिले. यापूर्वी १९८० मध्ये कोळिकोड येथे ही स्पर्धा झाली होती व भारत तिचा उपविजेता होता. प्रारंभी नवी मुंबईसोबत अहमदाबाद व भुवनेश्वर येथे सामने घेण्याचे ठरले होते. साथीच्या काळात संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून ही दोन शहरे वगळण्यात आली आणि रस्त्याने जोडलेली तीन मैदाने निश्चित झाली: नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीतील मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्यात बालेवाडी येथील श्री शिव छत्रपती क्रीडा संकुल. उपांत्य सामने बालेवाडीत, तर अंतिम सामना डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला.

पात्रता व स्वरूप

या आवृत्तीपासून संघांची संख्या ८ वरून १२ करण्यात आली. यजमान भारत आणि २०१८ च्या स्पर्धेतील पहिले तीन संघ (जपान, ऑस्ट्रेलिया व चीन) यांना थेट प्रवेश मिळाला. उर्वरित आठ संघ २०२१ मधील पात्रता फेरीतून आले. इराणचा संघ प्रथमच पात्र ठरला.

* गट अ: चीन, भारत, चिनी तैपेई, इराण
* गट ब: ऑस्ट्रेलिया, थायलंड, फिलिपिन्स, इंडोनेशिया
* गट क: जपान, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम, म्यानमार

प्रत्येक गटातील पहिले दोन संघ व तिसऱ्या क्रमांकाचे दोन सर्वोत्तम संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते. हीच स्पर्धा २०२३ च्या महिला विश्वचषकाची आशियाई पात्रता फेरीही होती. उपांत्य फेरी गाठणाऱ्या संघांना विश्वचषकात थेट स्थान मिळत असल्याने उपांत्यपूर्व सामन्यांना विशेष महत्त्व होते. उपांत्यपूर्व फेरीपासून व्हिडिओ साहाय्यक पंच (व्हीएआर) पद्धतही वापरण्यात आली.

भारताची माघार

२० जानेवारी रोजी भारताने इराणशी ०-० अशी बरोबरी साधली. २३ जानेवारी रोजी चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्यापूर्वी अनेक खेळाडूंना संसर्ग झाल्याचे आढळले आणि संघाला किमान १३ खेळाडू उपलब्ध करून देता आले नाहीत. साथकाळासाठीच्या एएफसीच्या विशेष नियमांनुसार अशा संघाने माघार घेतली असे मानले जात असे. सामना पुढे ढकलण्याची तरतूद लागू झाली नाही. परिणामी इराणविरुद्धचा निकाल रद्द झाला व २६ जानेवारीचा चीनविरुद्धचा सामनाही झाला नाही. गट अ मध्ये तीनच संघ उरल्याने, तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना करताना अन्य गटांतील चौथ्या संघाविरुद्धचे निकाल वगळण्यात आले. थायलंड व व्हिएतनाम पुढे गेले. मायदेशात विश्वचषकाची पात्रता मिळवण्याची भारताची संधी अशा रीतीने एकाच पूर्ण सामन्यानंतर संपली.

निकाल

उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवले, तर फिलिपिन्सने चिनी तैपेईवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून प्रथमच विश्वचषकात स्थान मिळवले. उपांत्यपूर्व फेरीत पराभूत झालेल्या व्हिएतनाम, थायलंड व चिनी तैपेई यांच्यातील बाद-पात्रता सामन्यांतून व्हिएतनामनेही पहिल्यांदा विश्वचषक गाठला. ऑस्ट्रेलिया सहयजमान म्हणून आधीच पात्र होता.

अंतिम सामन्यात मध्यंतराला दक्षिण कोरिया २-० ने पुढे होता. उत्तरार्धात तांग जियाली व चांग लिनयान यांनी बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत शियाओ युयी हिने विजयी गोल केला. चीनची वांग शानशान सर्वोत्तम खेळाडू ठरली. ऑस्ट्रेलियाच्या सॅम केरने सर्वाधिक ७ गोल केले.

पुढील घडामोडी

ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील महिला विश्वचषकाचा अंतिम सामनाही डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. त्यात स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. भारताच्या वरिष्ठ महिला संघाने जुलै २०२५ मध्ये थायलंडला २-१ असे नमवून २०२६ च्या आशिया चषकात पात्रता फेरीतून प्रवेश मिळवला.